डहाणूच्या पावसात सापाची पेटी

जून उजाडला की डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या सर्पमित्रांचा फोन थंडावत नाही. घोलवड-बोर्डीची चिकूवाडी, चिंचणी-वाणगावकडची ढोबळी मिरचीची शेडनेट, कासा-सायवनच्या पाड्यावरचं कुडाचं घर, तलासरीत हायवेलगतचं गोदाम, कुठूनही बोलावणं येतं. बिळात पाणी शिरलं की साप कोरड्या जागेच्या शोधात निघतो आणि ती जागा नेमकी माणसाच्या घरात सापडते. धामण, नाग, घोणस, मण्यार हे नेहमीचे. ओढ्याकाठच्या बांबूत चापडा. यातले बहुतेक साप वनविभागाला कळवून, नोंद करून लगेच जवळच्या रानात सोडले जातात. त्यांची गोष्ट तिथेच संपते.

हा लेख उरलेल्या सापांचा आहे. नायलॉनच्या जाळीत अडकून सोललेली धामण, जेसीबीच्या दात्याखाली पाठ फाटलेला अजगर, काठी खाऊन जबडा मोडलेला नाग यांना त्या दिवशी सोडता येत नाही. टाके घालावे लागतात, जखम भरेपर्यंत दोन-तीन आठवडे डब्यात ठेवावं लागतं. बाहेर पाऊस कोसळत असतो, हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते, आणि झाकण लावलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ती त्याहून जास्त. जखम भरत आलेली असते, आणि एके सकाळी पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे दाणे दिसतात. नीट पाहिलं तर त्यातले एक-दोन पाय हलवत असतात.

हे सापाचे माइट. आपल्याकडे शेतकरी मिरचीवरच्या माइटला कोळी म्हणतो. सापावरचा त्याच्याच मोठ्या गोतावळ्यातला, पण रस न पिता रक्त पिणारा. कोंबड्यांच्या खुराड्यात रात्री चावणारे तांबडे बारीक किडे याचे जवळचे भाऊबंद. शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ गेर्व्हे यांनी १८४४ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून आजवर हा किडा बंदिस्त सापांबरोबर जगभर फिरला आहे. प्राणिसंग्रहालयं, विष काढण्याच्या प्रयोगशाळा, हौशी लोकांची काचेची घरं, कोणीच यातून सुटलेलं नाही.

आधी एक घोळ मिटवायला हवा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. रानातून नुकत्याच आणलेल्या धामणीच्या किंवा घोरपडीच्या अंगावर जे चपटं, राखाडी-तपकिरी, खवल्याखाली डोकं खुपसून बसलेलं दिसतं ते माइट नव्हे. ती गोचीड. आपल्याकडच्या धामणी, अजगर आणि घोरपडींवर ॲम्ब्लिओमा गेर्व्हायसाय ही जात सर्रास सापडते. दहा-बारा गोचिडी घेऊन रानात धामण वर्षानुवर्षं जगते. दिसल्या तर चिमट्याने खवल्याच्या दिशेने हळू आणि सरळ ओढून काढाव्यात. उदबत्तीचा चटका, रॉकेलचा बोळा यातलं काही करू नये. तसंच घरातल्या पालीच्या बोटांच्या बेचक्यात जे लाल ठिपके असतात, तेही माइटच, पण पालींचे. पाल डब्यावरून गेली म्हणून सापाला लागण झाली, असं होत नाही.

खरा सापमाइट रानातल्या सापावर आपल्याकडे सहसा दिसत नाही. तो डब्याचा रोग आहे. रानात पोट भरलेली मादी सापावरून उतरते, अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत साप दोन शेतं ओलांडून गेलेला असतो. उपाशी पिल्लांना तो पुन्हा सापडायचा म्हणजे नशिबाचाच खेळ. डब्यात साप कुठेच जात नाही. दोन फुटांच्या अंतरात खाणं, लपायला फट आणि वर ओलावा. माइटला यापरतं काय हवं?

अमेरिकेतल्या जोसेफ कॅमिन यांनी १९५३ मध्ये या किड्याचं आयुष्य बारकाईने लिहून ठेवलं, ते आजही कामाला येतं. अंड्यातून निघालेली अळी काही खात नाही. ती कात टाकते आणि मग पहिल्यांदा रक्त लागतं. त्यानंतरची एक अवस्था पुन्हा उपाशी, आणि मग प्रौढ नर-माद्या पुन्हा रक्तावर. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण १३ ते १९ दिवस लागतात. उष्णता वाढली की हे चक्र आणखी वेगाने फिरतं. एक मादी आयुष्यात साठ-ऐंशी अंडी घालते, आणि अंड्यांना दमट हवा लागते. कोरड्या हवेत ती सुकून जातात.

कॅमिन यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पोट भरलेली मादी सापावरून उतरली की वर चढते. अंधारी, ओलसर फट शोधत ती डब्याच्या भिंतीवरून झाकणाकडे जाते. आपण काय करतो? तळाचा कागद बदलतो, तळ घासतो, डबा उन्हात ठेवतो, असेल ऊन तर, आणि तेच झाकण पुन्हा लावतो. झाकणाच्या आतल्या खोबणीत, हवेसाठी पाडलेल्या भोकांच्या कडेला, बिजागरीत अंडी तशीच. आठवड्याने पुन्हा काळे दाणे, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून दुसऱ्या बाटलीकडे हात जातो. तपासायचं असेल तर झाकणापासून सुरुवात करावी. ओल्या पांढऱ्या कापडाचा कोपरा त्या खोबणीतून फिरवावा. कापडावर करडी पूड आणि काळे ठिपके उमटले तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

सापाच्या अंगावर जागा ठरलेल्या. सापाला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. त्या खवल्याच्या आणि भोवतालच्या खवल्यांच्या मधल्या बारीक खाचेत माइट दाटीने बसतात, इतके की डोळ्याला काळी कड आल्यासारखी दिसते. दुसरी जागा हनुवटीखालची उभी घडी. तिसरी गुदद्वाराचं झाकण. बिनविषारी साप हातावरून सोडला तर तळव्याला पांढुरकी धूळ लागते, ती माइटची विष्ठा. साप स्वतःही सांगतो: एरवी भांड्याकडे न फिरकणारा दिवसभर पाण्यात वेटोळं घालून बसतो. बुडाले तर माइट मरतात, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. पण नाकपुड्या वर ठेवाव्या लागतात, आणि डोक्यावरचे माइट नेमके तिथेच वाचतात. सांभाळणाऱ्यालाही खूण मिळते. मनगटावर, कमरेच्या पट्ट्याखाली खाजरे लाल पुरळ उठतात. माणसालाही हा किडा चावतो याची वैद्यकीय नोंद १९७५ पासूनची आहे.

नुकसान फक्त रक्ताचं नाही. लहान साप रक्तक्षयाने मरतो, हे खरं. पण कॅमिन यांनीच १९४८ मध्ये दाखवलं की एका सापाच्या रक्तातले जिवाणू दुसऱ्यापर्यंत नेऊन हा माइट रक्तदोष पसरवतो. अजगर आणि बोआ कुळातल्या सापांना होणाऱ्या एका असाध्य विषाणुरोगाच्या प्रसारातही त्याच्यावर दाट संशय आहे. जखम बरी करायला आणलेला साप शेजारच्या डब्यातल्या सापाचं दुखणं घेऊन जाऊ शकतो, आणि ते घडतं ते बहुतेकदा आपल्याच हाताने, हुकाने आणि पिशवीने.

आता औषधांकडे येऊ. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत सापमाइटवर दोन हमखास उपाय सापडतात. डायक्लोरव्हॉसची पट्टी डब्याजवळ टांगायची, किंवा कार्बारिलची पावडर भुरभुरायची. आपल्याकडे डायक्लोरव्हॉस ‘नुवान’ म्हणून शेतकऱ्याला पाठ होतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने कार्बारिलवर लगेच, आणि डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. तरी गोठ्याच्या आढ्यात एखादी जुनी बाटली निघतेच. ती सापाच्या खोलीत उघडणं म्हणजे माइटच्या आधी सापाचा श्वास बंद करणं. सापाचं फुप्फुस लांबलचक, डबा बंद, वाफ जड. हिशेब सोपा आहे.

दुसरं फिप्रोनिल. भातावरच्या खोडकिडीसाठी ते या भागात घरोघरी माहीत आहे. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडीसाठीही तेच द्रव्य येतं, आणि परदेशातले पशुवैद्य ते मोजून सापावर वापरतात. पण भाताची बाटली आणि पशुवैद्याची बाटली एक नव्हे. शेतीच्या द्रावणात द्रव्याची तीव्रता वेगळी, मिसळलेले इतर पदार्थ वेगळे. सरड्यांसाठी हे द्रव्य किती घातक ठरू शकतं, हे आफ्रिकेत टोळ-नियंत्रणाच्या निमित्ताने झालेल्या चाचण्यांत दिसलेलं आहे. ‘पाच मिली पाण्यात टाका’ हा शेतीसेवा केंद्रातला सल्ला भातासाठी ठीक.

तिसरं आयव्हरमेक्टिन. जपानी मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेलं हे औषध. त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. शेळ्या-गुरांसाठी ते गावोगाव मिळतं आणि सापांवरही पशुवैद्य ते देतात. धोका पुढे आहे. १९८३ मध्ये टिअर आणि बुश या दोघा पशुवैद्यांनी कासवांवर त्याची चाचणी घेतली, आणि इतर प्राण्यांना सहज मानवणाऱ्या मात्रेतही कासवं लुळी पडली, काही मेली. तेव्हापासून कासवाला आयव्हरमेक्टिन नाही, हा नियम जगभर झाला.

डहाणूत हा नियम पुस्तकी राहत नाही. कारण पारनाक्याला समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. डहाणू वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था मिळून ते चालवतात. पावसाळ्यात उधाणाबरोबर ऑलिव्ह रिडले, हिरवी कासवं, हॉक्सबिल किनाऱ्याला लागतात; कुणाचा पर जाळ्यात कापलेला, कुणी बुडताच येत नाही म्हणून तरंगत असलेलं. त्यांच्याही अंगावर पाहुणे असतात: पाठीवर आणि पोटावर बार्नॅकल, मानेच्या घड्यांत जळवा. त्यांच्यावरचा पहिला इलाज मात्र कुठल्याही बाटलीत नाही. समुद्री कासवाला देखरेखीखाली काही काळ गोड्या पाण्यात ठेवलं की खाऱ्या पाण्याच्या सवयीच्या जळवा गळून पडतात आणि बार्नॅकल सैल होतात. शिवाय पुष्कळ घरांत ‘लक्ष्मी येते’ म्हणून पाळलेली तारा कासवं निघतात, तीही कधी ना कधी वनविभागाच्या दारात येतात. साप आणि कासव ज्या गावात एकाच माणसाच्या हाताखालून जातात, तिथे सिरिंजवर चिठ्ठी चिकटवलेली नसेल तर अपघात व्हायला वेळ लागत नाही.

मग करायचं काय? पुस्तकं म्हणतात, डबा कोरडा करा. मार्चमध्ये पुण्यात हे जमेल. जुलैत डहाणूत कोरडा करणार कशाने? आणि फार कोरडं केलं तर सापाची कात फाटून अंगाला चिकटते, डोळ्यावरचा जुना खवला सुटत नाही. म्हणून इथे ओलाव्याशी भांडण्यापेक्षा फटींशी भांडावं.

नारळाचा भुसा, लाकडाचा तुकडा, साल, शेवाळ, दगड सगळं बाहेर. ‘नैसर्गिक वाटावं’ म्हणून सजवलेली पेटी पाहुण्या जखमी सापासाठी नाहीच मुळी. गुळगुळीत प्लॅस्टिकचा डबा, तळाला वर्तमानपत्र, लपायला पुठ्ठ्याचं खोकं, पाण्याचं भांडं, बस. कागद आणि खोकं रोज काढून जाळायचं. पावसात जळत नसेल तर पिशवी बांधून उकळत्या पाण्याची बादली. सापाने टाकलेली कात हाताला लागली की कौतुकाने खिडकीत ठेवू नये, तिच्याबरोबर शेकडो माइट उतरलेले असतात. ती आधी उकळत्या पाण्यात. पिशव्या पांढऱ्या सुती आणि प्रत्येक सापाची वेगळी. डबा भिंतीला न टेकवता टेबलावर, आणि टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत, जसे आजीच्या स्वयंपाकघरात जाळीच्या कपाटाचे पाय मुंग्यांसाठी असत.

बिनविषारी सापाला कोमट पाण्यात, डोकं वर राहील इतक्या खोलीत, अर्धा तास ठेवता येतं. डोळ्याकडेचे माइट तेलाच्या बोटाने टिपता येतात. पण घोणस, मण्यार किंवा चापडा यांचं डोकं धरून डोळ्याला तेल लावण्याची मर्दुमकी कुणी करू नये. माइटने घोणस मरायला महिना लागेल, घोणशीने माणूस मरायला तेवढा वेळ लागत नाही. विषारी सापासाठी साप एका डब्यातून दुसऱ्यात स्वतःहून सरकेल अशी सोय आणि वन्यप्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य, एवढंच.

कुठलंही औषध अंड्यांवर नीट चालत नाही. म्हणून पशुवैद्य पहिल्या फेरीनंतर दुसरी, तिसरी फेरी सांगतात. पहिल्या फेरीनंतर डबा स्वच्छ दिसतो आणि लोक थांबतात. माझ्या मते निम्मे पराभव इथेच होतात. शेवटचा माइट दिसल्यापासून निदान महिनाभर तो डबा, तो हुक, ती पिशवी दुसऱ्या सापाला लागू देऊ नये. उपाशी पिल्लं दमट हवेत तीन-चार आठवडे तग धरतात. डबा आठवडाभर रिकामा ठेवला म्हणून तो शुद्ध होत नाही.

एक उपाय असा आहे की ज्याला डहाणूची हवा मानवेल. हरितगृहांत मातीतल्या कीडअळ्या खाण्यासाठी स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाचा शिकारी माइट वापरतात. तो सापाला चावत नाही, सापमाइटची पिल्लं खातो, आणि त्याला ओलीच माती लागते. २०१५ मध्ये रॉबर्ट मेंडिक यांनी सरड्यांच्या पेट्यांत त्याचा वापर करून अनुभव लिहिला. कल्पना सुरेख. पण जिवंत कीटकभक्षक परदेशातून मागवायचे तर वनस्पती विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना लागतो. टपालाने डबी मागवून सोडून देण्याचा हा मामला नाही. जिथे औषधाची फवारणी झाली आहे तिथे ते शिकारीही मरतात, हे वेगळं.

साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींकडून घेण्यासारखं मात्र आजच घेता येतं. तामिळनाडूत १९७८ मध्ये इरुळ सर्पधारकांची सहकारी संस्था उभी राहिली. देशातल्या सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तिथून येतं. तिथे साप मातीच्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून ठेवतात. आठवड्याला एकदा असं चारेक वेळा विष काढतात आणि महिन्याच्या आत साप रानात सोडतात. मडकी वेगवेगळी, मुक्काम ठरलेला. साप ठेवायचा आणि ठेवतच राहायचा, ही सवय त्या पद्धतीत बसत नाही. गारुड्याची शेणाने सारवलेली वेताची टोपली याच्या नेमकी उलट: जन्मभराचा मुक्काम आणि फटीच फटी.

माइट येतो कुठून, हा प्रश्न शेवटी उरतो. रानातली धामण गोचीड आणते. माइट आणतो तो बहुधा विकत घेतलेला परदेशी साप. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात केक-बिस्किटांच्या पाकिटांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले. पकडले गेले ते एवढे. चोरट्या वाटेने आलेल्या सापाला कुणी विलगीकरणात ठेवत नाही. विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ पासून येते, आणि मुंबईतली हौस डहाणूत पोचायला आता तीन तास पुरतात. परदेशी प्राण्यांची नोंद करण्याचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीपासून लागू आहेत. देशी साप घरात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. हौशी माणसाचा कंटाळलेला बॉल पायथन आणि वाडीतली धामण एकाच पिशवीतून गेली, तर सापमाइट धामणीबरोबर रानात उतरेल. ऑस्ट्रेलियात असं रानात उतरणं घडलं आहे. बाहेरून आलेला हा माइट तिथल्या रानातल्या सरड्यांवर सापडल्याची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे, आणि त्या नाजूकपणासाठी इथली माणसं कोर्टकचेऱ्यांपर्यंत भांडली आहेत. एका पिशवीपायी त्या रानात नवा परजीवी जाऊ नये. म्हणून सर्पमित्रांना विनंती, की माइट असलेला साप कितीही बरा दिसला तरी तो पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय सोडू नका, आणि परदेशी साप आला तर देशी सापांच्या सामानाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका. आणि वाचकांना विनंती, की घरात, वाडीत, गोदामात साप निघाला, जखमी असला, अंगावर काही चिकटलेलं दिसलं, तर कपाटातली बाटली काढू नका. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक लावा आणि साप नजरेच्या टप्प्यात ठेवून लांब उभे राहा.